उजवी पाकळी

कुसाबाईनं पाय धरले तेव्हा गोरक्षच्या एका हातात चहाचा थर्मास होता, दुसऱ्या हातात डबा. वाकून तिला उठवावं तर हात मोकळे नाहीत, मागं सरावं तर मागं लोखंडी खाट. बायकांच्या वॉर्डात ऊन आलं होतं, सगळ्या खाटा जाग्या होत्या आणि सगळ्या खाटा बघत होत्या. कुसाबाई नामपूरकडची, अहिराणी बोलणारी, आईच्या शेजारच्या खाटेवरची, पोटात पाणी होऊन आलेली. कालपर्यंत तिनं त्याच्याकडं मान वर करून बघितलं नव्हतं. आता तिचं कपाळ त्याच्या पायाच्या अंगठ्यावर टेकलेलं होतं आणि त्या पायावर पंचवटीतल्या खणलेल्या रस्त्यांची धूळ होती, सिंहस्थासाठी गाव सगळं उकरून ठेवलं होतं. "भाऊ," ती खालूनच म्हणाली, "तुमना हातले गुण शे. तुमनी माय सांगस. मनाकरता बी देवीले एक फूल लावा ना." तो म्हणाला, "उठा मावशी. उठा म्हणतो ना." आवाज खेकसल्यासारखा निघाला. पलीकडं त्याची आई, चंद्रभागा, उशीला टेकून हे बघत होती आणि तिच्या तोंडावर जे होतं त्याला दुसरा शब्द नाही, अभिमान होता. दहावीला दोनदा आपटलेला, सातपूरच्या कंपनीत मशीनवर उभा राहणारा, घरात कुणाशी धड न बोलणारा हा मुलगा. त्याचा असा अभिमान तिला उभ्या जन्मात वाटला नव्हता. तो आत्ता वाटत होता, आणि तो ज्या गोष्टीचा वाटत होता ती गोष्ट खोटी होती.

तो थर्मास स्टुलावर ठेवून बाहेर आला. व्हरांड्यात नळ होता, त्यावर 'पाय धुऊ नये' असं लिहिलेलं होतं, तरी त्यानं अंगठा पाण्याखाली धरला. कपाळाचा ओलसर गारवा जाईना. लोकांना पाय दिसले की धरायची सवय असते, तो स्वतःला सांगत होता, ह्या देशात डोकं वापरायला कुणी शिकवलंच नाही, टेकायला शिकवलं. हे वाक्य त्यानं कॅन्टीनमध्ये कितीदा तरी म्हटलं होतं. कंपनीतल्या सत्यनारायणाच्या दिवशी तो एकटा डबा उघडून बसायचा आणि प्रसाद घेऊन येणाऱ्याला विचारायचा, बुडालेलं जहाज शिऱ्यानं वर येतं का रे. वाचायचा, जे मिळेल ते, रद्दीच्या दुकानात उभा राहून, फाटकी, पानं नसलेली पुस्तकं. कुणी शिकवलं नाही म्हणून सगळं रागानं शिकला. त्या रागावर त्याचा फार भरवसा होता. आणि हा माणूस आज वॉर्डात गुणाचा हात घेऊन उभा होता. त्याला हसू यायला हवं होतं. हसू आलं नाही. मान तापली, कान तापले, पोरानं शाळेत पँट ओली करावी आणि सगळा वर्ग वळून बघावा तसं झालं.

मखमलाबादला त्यांच्या मळ्यात विहिरीच्या काठी आई आहे. देऊळ नाही, उंबराखाली हातभर उंचीचा दगड, शेंदूर चढून चढून त्याला खांदे फुटल्यासारखे झालेले. तिला नाव नाही, विहिरीवरची आई म्हणतात. माळ्याचं घर, आधी फूल तिला, मग बाजाराला. झेंडूचा हंगाम असो, शेवंतीचा असो, पहिली पाटी तिच्यासमोर टेकवल्याशिवाय पंचवटीच्या वाटेला लागत नाही. आणि अडलं, की तिला विचारायचं. विचारायची रीत साधी. तिच्या उजव्या खांद्यावर एक पाकळी, डाव्या खांद्यावर एक, पाण्यात बुडवून चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि गप्प बसायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गोरक्षचा बाप मोतीराम पाकळ्या लावायचा. आसपासच्या मळ्यातले लोक यायचे, विहीर खोदू का, पोरगी ह्या घरात देऊ का, म्हैस विकू का. मोतीराम दोन्ही पाकळ्या एकाच फुलाच्या, एकाच रांगेतल्या घ्यायचा, नखानं बुडखा खुडायचा, एकाच तांब्यात एकाच वेळी बुडवायचा. मग हात मागं बांधून उभा राहायचा, जणू हात पुढं राहिले तर काही लबाडी करतील. गोरक्ष लहानपणी शेजारी उभा राहायचा आणि त्याला कंटाळा यायचा. पाकळी वाळली की पडणारच, ज्या बाजूला ऊन जास्त ती आधी वाळणार, एवढं त्याला तेव्हाही कळत होतं. बाप वारल्यावर लोकांनी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, त्यापेक्षा नाणं उडवा, वेळ वाचेल. लोक यायचे बंद झाले. चंद्रभागा दोन दिवस जेवली नाही.

दसऱ्यानंतर एकदा मनीषानं, त्याच्या बायकोनं, भांडी घासता घासता, त्याच्याकडं पाठ करून सांगितलं, "आत्याबाईंच्या छातीत गाठ आहे. लिंबाएवढी. मला आज आंघोळीच्या वेळी दिसली." कधीपासून आहे विचारलं तर मागच्या उन्हाळ्याच्याही आधीपासून. पदराखाली गाठ घेऊन ती बाई फुलं तोडत होती, पाटी उचलत होती, सोमवारी रामकुंडावर जात होती. का नाही सांगितलं म्हणून तो ओरडला तेव्हा तिनं पदर दोन्ही हातांनी गळ्यापाशी घट्ट धरला, त्याच्यापासून, पोटच्या पोरापासून. "कसं सांगायचं," ती म्हणाली, "लाज नाय का." तो आणखी ओरडला. लाजेनं माणसं मरतात, असं काहीतरी पुस्तकी बोलला. डॉक्टरीणबाईंनी बघितल्या बघितल्या ऑपरेशन सांगितलं. चंद्रभागा घरी येऊन उंबराच्या दिशेनं तोंड करून बसली. "आईला विचार. ती हो म्हणली तर जाते. नाय म्हणली तर मला कुणी हात लावू नका." मनीषानं समजावलं, शेजारच्या मळ्यातल्या बायडाबाईनं समजावलं. म्हातारी हलेना. मग गोरक्ष म्हणाला, ठीक आहे, विचारतो.

त्या सकाळी त्यानं आईला ताजा शेंदूर लावला, तेलात कालवून, डाव्या खांद्यावर जाड. सगळे म्हणाले, बघा, सुधारला. डावी पाकळी त्यानं त्या ओल्या शेंदरात अंगठ्यानं रुतवली. उजवी बोटावर पुसून जवळजवळ कोरडी केली आणि नुसती टेकवली. कुणाला दिसलं नाही, त्याची पाठ मध्ये होती. फुलांच्या घरात जन्मलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. गाऱ्हाणंही बापाच्या आवाजात घातलं. उजवी पाकळी गाऱ्हाणं संपायच्या आत पडली. बायडाबाई म्हणाली, "अगं बया, आईला किती घाई झाली." आणि चंद्रभागेच्या अंगातून भीती उतरली, त्याच्या डोळ्यांदेखत उतरली, डोक्यावरची पाटी उतरावी आणि मान सैल व्हावी तशी. त्याला तेव्हा आनंद झाला होता. फसवलं कुणाला? दगडाला? दगड फसत नाही. म्हातारीला? तिच्याच भल्यासाठी. त्यानं मनीषालाही सांगितलं नाही, लाजेनं नव्हे, डावपेच म्हणून. ऑपरेशनच्या दिवशी चंद्रभागा चाकाच्या खाटेवरून आत जाताना नर्सला म्हणाली, "पोरी, लवकर आटपा बरं का, मोगऱ्याची छाटणी राहिलीय." नर्स हसली, वॉर्डबॉय हसला. एवढी निवांत पेशंट बघितली नाही म्हणाले. दार बंद झालं आणि गोरक्ष बाकावर बसला आणि तिथं पहिल्यांदा त्याला खटकलं. आत ती बाई एकटी होती. तिला वाटत होतं, एकटी नाही. तिच्याजवळ कुणी होतं की नव्हतं हे त्याला ठाऊक नव्हतं, पण ती ज्याला धरून गेली होती ते त्यानं अंगठ्यानं बनवलेलं होतं.

आणि आता तिनं ते सगळ्या वॉर्डाला वाटलं होतं, साखर वाटावी तसं. विहिरीवरच्या आईनं कसा 'हो' दिला, गोरक्षचा हात कसा बापासारखा, पाकळी कशी टपकन. त्यानं नळ बंद केला. आत गेला तेव्हा डॉक्टरीणबाई येऊन उभ्या होत्या. त्या त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गाठ निघाली, पण रिपोर्टप्रमाणे काखेतही गेलेलं आहे. इंजेक्शनं द्यावीत, असं मला वाटतं. उलट्या होतील, केस जातील, अशक्तपणा येईल, काही महिने चालेल. काहींना छान उपयोग होतो. काहींना नाही होत." तो म्हणाला, "म्हणजे करायचं का नाही?" "मी माझं मत सांगितलं. पण त्यांचं वय, तब्येत, तुम्हीही बघा. उद्या सांगा." त्याला त्यांचा भयंकर राग आला. एवढं शिकून ही बाई सरळ हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, कशाला घातली वर्षं. मग लक्षात आलं की तो त्या बाईच्या तोंडाकडं अगदी तसाच बघत होता जसे लोक बापाच्या पाकळ्यांकडं बघायचे. चंद्रभागेनं सगळं ऐकलं होतं. कान तिखट होते तिचे. ती म्हणाली, "त्यात काय येवढं. उद्या आंघोळ करून, उपाशीपोटी आईला विचार. ती सांगंल ते." कुसाबाई लगेच म्हणाली, "आनि मनं बी." चंद्रभागा म्हणाली, "हिचं बी विचार रे. लांबून आलीय बिचारी." जणू तो रेशनच्या रांगेत उभा राहणार होता.

संध्याकाळी मनीषा वॉर्डात झोपायला आली आणि तो घरी निघाला. होळकर पुलावर गाड्या अडकल्या होत्या. खाली गंगेला, म्हणजे गोदावरीला, पाणी कमी, काठाला नव्या घाटाचं काँक्रीट चाललेलं, भाजीवाल्यांच्या बत्त्या पेटलेल्या. स्कूटरचं इंजिन पायाखाली थरथरत होतं आणि तो पुढच्या टेम्पोच्या मागच्या फळीकडं बघत होता. डोक्यात काही विचार नव्हता. रिकाम्या डोक्यात हळूच आलं, डावी पडली तर उन्हाळ्यापर्यंत सगळं उरकेल. कुणी कानात बोलावं इतकं स्वच्छ आलं. उरकेल. हाच शब्द. मागचे हॉर्न वाजवत होते, टेम्पो पुढं सरकला होता. त्याला वाटलं हे आपण म्हटलेलं नाही. पण पुलावर दुसरं कोण होतं. तो दमला होता हे खरं. जखमेच्या नळीतून बाटलीत उतरणारं ते लालसर पाणी, वॉर्डाचा वास अंगातल्या स्वेटरला लागलेला, सुपरवायझरची तोंडं, मनीषाच्या डोळ्यांखालचं काळं, आणि आईच्या छातीची सपाट झालेली बाजू, जिच्याकडं बघायचं नाही म्हणून तो आठवडाभर तिच्या कपाळाशी बोलत होता. सगळं खरं. तरी हा शब्द त्या सगळ्यातून आला नव्हता, त्याच्याही खालून कुठूनतरी आला होता. लहानपणी त्याला गोवर निघाला तेव्हा ही बाई ओल्या फडक्यानं त्याला पुसत बसायची, फुलं झाडावर वाळून गेली त्या वेळी, मोतीराम चिडला तर म्हणाली होती, फुलं काय पुन्हा येतील. तिनं उरकेल म्हटलं नव्हतं. घरी तो जेवला नाही. उद्या उपास आहेच, असं स्वतःला म्हणाला.

सकाळी आंघोळ करून तो विहिरीकडं गेला. थंडी होती, गवतानं पाय भिजले. पूर्वी इथून सरळ गावातली झाडं दिसायची, आता पाण्याच्या काळ्या टाक्या दिसतात, बंगल्यांच्या, आणि त्यांची कुत्री मळ्यातल्या माणसांवर भुंकतात. त्यानं झेंडूचं एक फूल खुडलं. दोन पाकळ्या काढल्या. तेलात शेंदूर कालवला. मनाशी ठरवून आला होता की या खेपेला काही करायचं नाही, सरळ लावायच्या, बापासारख्या, पडेल ती पडेल, म्हणजे आपण सुटलो. तो वाकला आणि शेंदूर लावू लागला, आणि लावता लावता त्यानं बघितलं, बोट उजव्या खांद्यावर फिरत होतं. पुन्हा पुन्हा तिथंच. उजव्या खांद्यावर ओल्या शेंदराचा जाड थर बसला होता, पाकळी रुतवायला अगदी योग्य, आणि डावा खांदा कोरडा ठणठणीत, म्हणजे डावीच आधी पडणार. हे त्यानं ठरवलं नव्हतं. बोट करत होतं. मागच्या वेळी डाव्या खांद्यावर जसं केलं होतं तसंच, तितक्याच सफाईनं. मागच्या वेळी तिच्या भल्यासाठी होतं. मग हे कुणाच्या भल्यासाठी?

तो खाली बसला, ओल्या मातीत, धुतलेल्या पायजम्यासकट. दगडाकडं बघवेना. त्यानं मान खाली घातली, मग मान खाली घातलेलीही सहन होईना म्हणून तोंड फिरवलं, विहिरीकडं, टाक्यांकडं. आणि तोंड फिरवल्यावर त्याला ते सुचलं. आपण तोंड कुणापासून फिरवतोय? इथं माणूस नाही. बायडाबाई लांब कोथिंबिरीत बसलीय, तिची पाठ आहे. मनीषा दवाखान्यात. दगडापुढं कुणाला लाज वाटत नाही. पायरीपुढं, पाट्यापुढं, विहिरीच्या कठड्यापुढं त्यानं काय काय केलंय, कधी लाज वाटली नाही. आणि आत्ता कानाच्या पाळ्या जळत होत्या. चाळिशीतल्या माणसाला, ज्यानं सगळ्या देवांची कॅन्टीनमध्ये सालं काढली होती, तोंड लपवायला जागा सापडत नव्हती. इतकी वर्षं तो देवाला शोधायला कधी गेला नाही, त्याला गरज नव्हती, आणि देव सापडायच्या ज्या जागा लोक सांगतात, आनंद, शांती, डोळे मिटल्यावर दिसणारा उजेड, त्यातलं इथं काही नव्हतं. इथं फक्त कुणीतरी त्याचं बोट बघितलं होतं. बोटाच्याही आतलं बघितलं होतं. बघितलं, आणि काही म्हणालं नाही. त्याला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. वीज पडली असती, फांदी मोडली असती तर तो उभा राहून भांडला असता, भांडणं त्याला येत होती. हे गप्प बघणं त्याला येत नव्हतं.

मोटार बंद झाल्यावर पाटात पाणी जसं थोडा वेळ वाहत राहतं तसे विचार वाहिले आणि थांबले. मग तो बोलला. बापाचं गाऱ्हाणं नव्हे, ते त्यानं एकदा बाटवलं होतं. आपल्याच आवाजात, कुणाला पत्ता विचारावा तसं कोरडं बोलला. "मला काही कळत नाही. मी असला आहे. तिचं काय करायचं ते मला ठरवता येत नाही, माझ्या हातात देऊ नकोस." उत्तर आलं नाही. त्याला ते अपेक्षितही नव्हतं. पाकळ्या मुठीत दमट होऊन गेल्या होत्या. त्या लावायचा धीर झाला नाही. लावल्या असत्या तर पुन्हा बोटानं काही केलं असतं, नसतं केलं तरी त्याला खात्री वाटली नसती. त्यानं फडक्यानं उजव्या खांद्यावरचा जास्तीचा शेंदूर पुसून काढला, हलक्या हातानं, आईच्या हाताला सलाइन लावताना नर्स पुसायची तसं. उठला तेव्हा बायडाबाई कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन बांधावर उभी होती. "काय म्हणली आई?" "विचारलं नाही." "मंग येवढा वेळ काय करीत होता?" त्यानं पायजम्याची माती झटकली. ती म्हणाली, "बापावर जाशील असं वाटलं होतं, पार वाया गेलास." आणि जुडी त्याच्या हातात कोंबली, "चंद्रीला दे. वास घेतला तरी बरं वाटंल तिला."

वॉर्डात चंद्रभागा वेणी घालून घेत बसली होती, मनीषा मागं बसून विंचरत होती. कुसाबाई उठून बसली होती, पदर डोक्यावर घेऊन, देवळात बसावं तशी. "काय झालं?" चंद्रभागा म्हणाली. तो स्टुलावर बसला. कोथिंबीर मांडीवर. "मी विचारलं नाही," तो म्हणाला. "का? अडचण झाली का कुणाची?" "नाही. मागच्या वेळी मी खोटं केलं होतं." ती बघत राहिली, कळलं नाही तिला. "डावी पाकळी मी शेंदरात दाबली होती. उजवी कोरडी लावली होती. ती पडणारच होती. आईनं काही सांगितलं नव्हतं, मीच सांगितलं होतं." मनीषाचा हात थांबला. कंगवा केसांत तसाच. पुलावरचा शब्द त्यानं सांगितला नाही, तो सांगण्यासारखा नव्हता, पण आजचं सांगितलं, "आजपण बोट चुकीचं चालत होतं. म्हणून उठून आलो." वॉर्डात कुणाचातरी रेडिओ चालू होता, बाजारभाव सांगत होता. चंद्रभागेचा चेहरा आधी पांढरा पडला, मग हळूहळू तिला राग आला, आणि हा राग त्यानं तिच्या तोंडावर कधी बघितला नव्हता, मोतीरामच्या दारूच्या दिवसांतही नाही.

"मंग मी कुणाच्या भरवशावर आत गेले?" ती म्हणाली.

त्यानं मांडीवरची जुडी दोन्ही हातांनी धरली. "सांग की. तुला लय बोलता येतं. मला कापलं, माझं अंग काढून टाकलं, मी हसत गेले. कुणाच्या भरवशावर गेले मी? तुझ्या?" तो म्हणाला, "आई, तू बरी व्हावीस म्हणून." "मला विचारायचं होतं तर मला विचारायचं. हातापाया पडायचं. रडायचं. तुझ्या बापानं सगळं केलं, तिच्या खांद्याला हात लावून खोटं नाय केलं. मी काय म्हैस हाय का, पेंडी दाखवून गोठ्यात घालायला?" मनीषा हळूच म्हणाली, "आत्याबाई, टाका ओढेल." "ओढू दे." कुसाबाई आतापर्यंत तोंड उघडं ठेवून ऐकत होती. ती गोरक्षकडं बघून म्हणाली, "म्हंजे तुमना हातले काहीच गुण नै?" "नाही मावशी," तो म्हणाला. "काहीच नाही." तिनं पदर डोक्यावरून खाली घेतला आणि आडवी झाली, भिंतीकडं तोंड करून. "मंग मना पाया पडना फुकट गया," ती भिंतीला म्हणाली. चंद्रभागाही आडवी झाली, दुसऱ्या अंगावर वळता येत नव्हतं म्हणून छताकडं बघत, डोळे उघडे ठेवून. तो तिथंच बसून राहिला. मनीषानं त्याच्या जवळून जाता जाता मांडीवरची जुडी उचलून खिडकीत ठेवली. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा म्हातारीनं त्यांना हातानंच थांबा अशी खूण केली. त्या म्हणाल्या, दुपारी येते.

दुपारी ऊन तिच्या पायांवर आलं. पायाला भेगा होत्या, भेगांत मळ्याची काळी माती अजून होती, ती कुठल्याच साबणानं निघत नाही. ती छताकडं बघतच म्हणाली, "त्या बाईला सांग, इंजेक्शन लावा." तो म्हणाला, "आईला विचारलं नाही अजून. हवं तर बायडाबाईला सांगतो. ती लावेल पाकळ्या, सरळ." "नको." "का?" तिनं पाय उन्हातून आत ओढले. मग म्हणाली, "आईला ठावं होतं ना तू लबाडी केली ते. तवाच का नाय बोलली? मी सकाळपासनं तिच्याशी तेच भांडून राहिले. तुझ्याशी नाय. तुझ्याशी काय भांडायचं." तिनं ओठ ओले केले. "मला वाटायचं ती पाकळी पाडती म्हणून ती हाय. खोटी पाकळी पडली तरी मी आत गेले आणि बाहेर आले. मंग आत कोण होतं माझ्याजवळ? तू तर बाहेर बसला होता." तो म्हणाला, "भीती वाटते का?" "वाटती ना. तवा नव्हती वाटत. आता लय वाटती." "मग?" "मंग काय. भीतीसकट जायचं." तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं मान वळवली. डोळ्यांत माया नव्हती, माफीही नव्हती, नुसती थकलेली, सरळ नजर होती. "आणि तू तुझी लाज घेऊन ये. तुला दुसरं काय हाय आणायला."

दुसऱ्या दिवशी तिला वेगळ्या खोलीत नेलं. खुर्चीत बसवलं, हात उशीवर ठेवला. नर्सला शीर सापडेना, फुलं तोडून तोडून हातांची कातडी चामड्यासारखी झालेली. सुई एकदा गेली, निघाली, परत गेली. ह्या खेपेला तिनं कुणाला हसवलं नाही. दात आवळून बसली होती आणि ओठ हलत होते, कुणाशी बोलत होती की भांडत होती ते कळत नव्हतं. गोरक्षनं तिचा मोकळा हात धरायला हात पुढं केला. तिनं हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. "हात नको लावू," ती म्हणाली. त्यानं आपला हात मागं घेतला. बाटलीतलं औषध नळीत उतरायला लागलं, नर्स निघून गेली. ते आत जाऊन काय करणार होतं हे डॉक्टरीणबाईंना ठाऊक नव्हतं, त्याला नव्हतं, आणि ज्याला ठाऊक असेल त्यानं काही सांगायचं कबूल केलं नव्हतं. तो मागत होता. त्याच्या लक्षात आलं तेव्हा मागणं बराच वेळ चाललेलंच होतं, 'हो'साठी नव्हे, 'नाही'साठी नव्हे, आतल्या आत, शब्द न जुळवता, उघड्या तोंडावर ऊन घ्यावं तसं. पुलावरचा शब्दही त्यातच होता, तो वेगळा काढता येत नव्हता, त्यालाही त्यासकटच पुढं जावं लागत होतं. लाज तशीच होती. ती जावी असं त्याला वाटलं नाही, कारण ती होती तोवर खोलीत तिसरं कुणी होतं.

चंद्रभागेनं डोळे मिटले. कपाळावर घाम आला. डोळे न उघडता ती म्हणाली, "बसलाय ना?"

"बसलोय," तो म्हणाला.

"मंग बस."